सामना दिसतो, ऐकू येत नाही

संदेशची गाडी कार्ल्याच्या फाट्यावरून आत वळली तेव्हा सविता ओट्यावर पावटे सोलत बसली होती. तिनं ताट उचललं आणि आधी घरात डोकावून नवऱ्याकडं पाहिलं. बाजीराव टीव्हीसमोरच्या खुर्चीत होता. गाडीचा आवाज त्यालाही आला होता, पण तो उठला नाही.

"आलं वाटतं भावजी," सविता म्हणाली.

"आईनं बोलावलंय म्हनल्यावर येनारच." बाजीराव रिमोटची बटणं उगीचच दाबत राहिला.

आतल्या खोलीतून तिच्या सासूचा, धोंडाबाईंचा आवाज आला. "सविता, संदेश आला का गं? चैताली हाय का संगं?"

"व्हय आत्या, दोगंबी हायेत."

भाऊ-भाऊ गेल्या श्रावणापासून एकमेकांशी बोलत नव्हते. कारण पिंकी. बाजीराव-सविताची ही एकुलती एक लेक कबड्डी खेळायची, चढाईला गेली की रिकाम्या हातानं परतायची नाही. मागच्या वर्षी सरावात तिचा उजवा गुडघा दुखावला. पायाला पट्टा बांधून ती घरी पडून राहिली, आणि तेव्हाच बाजीरावनं सांगून टाकलं की खेळ संपला. गुडघा बरा झाल्यावर संदेशनं मात्र पुतणीला तळेगावला आपल्या फ्लॅटवर नेलं आणि पुन्हा क्लबात घातलं. त्या दिवशी बाजीराव याच ओट्यावर उभा राहून धाकट्या भावाला म्हणाला होता, "परत जर का तिचा पाय मोडला, तर ह्या दारात पाऊल टाकायचं न्हाई. तू न्हाई आन् तुजी बायकूबी न्हाई."

संदेशनं पोरीची पिशवी तेवढी गाडीत ठेवली होती.

आणि आता तीच पिंकी पुणे जिल्ह्याच्या संघातून राज्याचा अंतिम सामना खेळणार होती. सामना नाशिकला होता आणि टीव्हीवर दाखवणार होते. तिनं आजीला फोन करून एकच गोष्ट मागितली होती. "आजी, सगळी एका घरात बसून बघा. आप्पा आणि काका वेगळे वेगळे बघतायत हे डोक्यात असलं की मला खेळता येत नाही."

धोंडाबाईंनी मग थोरल्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. धाकट्यालाही तसंच सांगितलं.

*

संदेश आत आला, आईच्या पाया पडला. धोंडाबाईंनी त्याचा चेहरा चाचपला. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली होती. आता त्यांना खिडकी कुठं आहे तेवढं कळायचं.

"वाळलायस."

"नाही गं आई. दाढी केलीय, म्हणून वाटतंय तुला."

बाजीराव खुर्चीतच होता. संदेशनं "दादा" म्हटलं. बाजीरावनं मान हलवली. ती संदेशला होती की टीव्हीवरच्या जाहिरातीला, ते कळायला मार्ग नव्हता. संदेश सतरंजीवर भिंतीला टेकून बसला. कारखान्यात त्याच्या हाताखाली बरीच माणसं होती, मोठ्या साहेबांसमोरही त्याचा आवाज दबत नसे. पण या घरात थोरल्या भावासमोर बसलं की त्याला अजूनही शाळेत गृहपाठ न करता गेल्यासारखं वाटायचं.

त्याची बायको चैताली मात्र सरळ बोलणारी. तिनं पाणी पिऊन तांब्या ठेवला आणि म्हणाली, "दादा, आम्ही आमचा साउंडबार आणलाय गाडीतून. पिंकी म्हणत होती, ह्या टीव्हीवरचं बोलणं आजींना कळत नाही."

"काय आनलाय?" धोंडाबाईंनी विचारलं.

"स्पीकर, आई. टीव्हीखाली ठेवायचा. आवाज स्वच्छ येतो."

"टीव्ही नवा हाय," बाजीराव म्हणाला. "दसऱ्याला घेतला. लोनावळ्यातल्या दुकानातला सगळ्यात मोटा हाय ह्यो. त्याला काय धाड भरलीया?"

"चित्र छानच आहे," संदेश सावरून घेत म्हणाला. "पण हे टीव्ही पातळ झालेत ना दादा, आत स्पीकरला जागाच राहिली नाही. त्याचं तोंडपण मागं असतं. आवाज भिंतीवर आदळून येतो आणि सगळा एकात एक मिसळतो."

"जुना बरा व्हता," धोंडाबाई म्हणाल्या. "त्याच्यात मानसं बोलायची. ह्याच्यात नुसता गलका येतोय."

"आई, तुजं कान…"

"माजं कान धड हायेत! सविता चुलीपाशी पुटपुटली तरी कळतंय मला. डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं."

सविताला हसू आलं. ते लपवायला ती स्वयंपाकघरात गेली. बाजीरावचा चेहरा मात्र आक्रसला. टीव्ही आणला त्या दिवशी त्यानं घरात सांगितलं होतं की आईच्या करमणुकीसाठी आणलाय. खरं असं होतं की जिल्ह्याच्या संघात पिंकीची निवड झाल्याचं त्याला चहाच्या टपरीवर दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं, आणि टीव्हीवर सामने दाखवतात हेही तिथंच. खेळ बंद म्हणणाऱ्या बापानं पोरीचा खेळ बघायला टीव्ही घेतला, हे त्याला सवितालाही सांगता आलं नव्हतं. आणि आता धाकटा येऊन त्याच टीव्हीत खोट काढत होता.

"काय जोडायचं न्हाई," तो म्हणाला. "हाय त्यो आवाज पुरतोय."

*

सामना सुरू झाला. मॅटवर मुली उतरल्या आणि सवितानं लेकीला लगेच ओळखलं. गुडघ्यावर काळा पट्टा होता.

"दिसली का? दिसली का?" धोंडाबाई विचारत होत्या.

"व्हय आत्या. डावीकडं हाय."

"काय बोलत्यात तिच्याबद्दल?"

कुणालाच सांगता आलं नाही. प्रेक्षकांचा आरडाओरडा, ढोल आणि समालोचकाचं बोलणं एकमेकांत कालवून टीव्हीतून बाहेर येत होतं. मधूनच 'पुणे' किंवा 'चढाई' असा एखादा शब्द हाती लागायचा आणि परत सगळं त्या गोंगाटात बुडायचं. बाजीरावनं आवाज वाढवला. ढोल वाढले. त्यानं शेवटपर्यंत वाढवला, तेव्हा टीव्हीच्या मागचा पत्रा की काय ते थरथरायला लागलं आणि शोकेसवरच्या काचेच्या बश्या किणकिणल्या.

"बारीक कर रं! कान फुटत्याल," धोंडाबाई ओरडल्या. बाजीरावनं मुकाट्यानं आवाज कमी केला.

मग सविताच आत्यांना सांगत बसली. पिंकी गेली, पिंकीनं एकीला शिवलं, आली माघारी, एक गुण. खेळातलं तिला फारसं कळत नव्हतं, त्यामुळं मधून संदेश भर घालायचा. एकदा पिंकीनं एका दमात दोघींना बाद केलं तेव्हा संदेश आणि चैताली एकदम ओरडले. बाजीराव ओरडला नाही, पण तो खुर्चीच्या कडेला सरकलेला संदेशला दिसला. पुणे पुढं होतं.

पहिला डाव संपत आला आणि पिंकी पुन्हा चढाईला गेली. कोपऱ्यातल्या मुलीनं तिचा घोटा धरला. पिंकीनं मधल्या रेषेकडं झेप घेतली, वरून आणखी दोघी पडल्या. त्या उठल्या. पिंकी उठली नाही. ती कुशीवर पडून उजवा पाय दोन्ही हातांनी धरून होती.

"काय झालं? गप का झाला समदी?" धोंडाबाईंनी विचारलं. "सविता?"

सविता पडद्याजवळ सरकली. पडद्यावर पांढऱ्या कपड्यातला माणूस धावत आला आणि पिंकीभोवती माणसांचा घोळका झाला. समालोचक काहीतरी सांगत होता, बराच वेळ सांगत होता, त्यात 'गुडघा' हा शब्द स्पष्ट आला. त्याच्या पुढचं मागचं काही कळलं नाही. मग तीच पकड हळूहळू पुन्हा दाखवली, आणि एकदम मध्यंतराच्या जाहिराती लागल्या.

"गुडगा म्हनला त्यो!" सविता उठून उभी राहिली. "गुडगा म्हनला ना? भावजी, काय म्हनला?"

"ऐकू नाही आलं, वहिनी."

"अवो, काय म्हनला?"

बाजीराव पडद्याकडं बघत होता. तिथं एक बाई साबणानं कपडे धूत होती.

संदेशनं प्रशिक्षकांना फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. परत लावला, परत तेच. मुलींचे फोन सामन्याआधीच काढून घेतात, हे त्याला माहीत होतं. पोरीला पुन्हा मैदानावर त्यानंच नेलं होतं. डॉक्टर खेळू शकेल म्हणाले होते, पिंकी स्वतः मागं लागली होती, हे सगळं खरं. पण गुडघा गेला असेल तर यातलं काहीही इथं सांगण्यासारखं उरत नव्हतं. त्यानं चैतालीकडं पाहिलं. तिनं नकळत पर्स मांडीवर ओढून घेतली होती.

बाजीराव खुर्चीतून उठला आणि संदेशसमोर येऊन उभा राहिला.

"गाडीची चावी दे."

"दादा, नाशिक लांब आहे, आत्ता निघून…"

"चावी दे म्हनतो."

सविता मध्ये आली. "अवो, आत्ता नका काय करू. पाया पडते तुमच्या. त्यांना काय बोलू नका."

संदेशनं खिशातून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. बाजीराव अनवाणीच बाहेर गेला. गाडीची डिकी उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. चैतालीला वाटलं, यांनी आपल्या पिशव्या ओट्यावर काढून ठेवल्या.

बाजीराव परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत लांबलचक खोकं होतं. दारातून आडवं येईना, म्हणून त्यानं ते तिरकं करून आत घेतलं.

"कसं जोडायचं ह्ये?" तो म्हणाला. "लवकर सांग."

*

संदेशनं खोक्याची पट्टी दातांनी तोडली. आतून दोन हात लांबीचा काळा स्पीकर निघाला, वायरींचं वेटोळं निघालं. सवितानं शोकेसवरच्या बश्या आणि गणपतीचा फोटो उचलून जागा केली. बटणाच्या फळीवर जागा नव्हती, तिनं फ्रिजची पिन उपटली.

"फ्रिजमध्ये दूध आहे, ताई," चैताली म्हणाली.

"नासू दे."

अडचण टीव्हीची होती. तो भिंतीला चिकटवून ठोकला होता आणि वायर खुपसायची जागा पाठीमागं, मध्यावर. संदेशचा हात आत जाईना.

"खालून वर उचलावा लागेल. पण पडला तर…"

"पडतोय कशाला," बाजीराव म्हणाला. त्यानं टीव्हीची खालची कड दोन्ही हातांनी धरली आणि भिंतीपासून पुढं ओढली. "घाल हात."

"अजून जरा."

"आता?"

"अजून. थांब, थांब. हां."

दोघांची डोकी एकमेकांना लागली होती. भावाच्या मानेवरच्या घामाला शेतातल्या पेंढ्याचा वास येत होता, आणि संदेशला वाटलं, एवढ्या जवळ आपण कधी उभे होतो ते आठवतही नाही. बोटांना ती खाच लागली. त्यानं वायर दाबली.

"गेली?"

"गेली. सोड हळू."

स्पीकरवर हिरवा दिवा लागला. आवाज मात्र तसाच टीव्हीच्या पाठीतूनच येत राहिला. बाजीरावनं संदेशकडं पाहिलं. संदेश वायर तपासायला वाकला. तेवढ्यात चैतालीनं रिमोट घेतला. "वायर बरोबर आहे. आमच्याकडंही आधी असंच झालं होतं. टीव्हीला सांगावं लागतं की आवाज बाहेरच्या स्पीकरला दे म्हणून." ती पडद्यावर एकामागून एक यादी उघडत गेली. आवाज, त्याच्या आत आणखी काही, त्याच्या आत… एका क्षणी टीव्ही पार मुका झाला.

"घालवलाच!" सविता म्हणाली.

आणि मग खोलीत एक बाई बोलायला लागली. इतकी स्पष्ट, इतकी जवळून, की सवितानं दाराकडं वळून पाहिलं. ढोल होते, पण ते मागं राहिले होते, रस्त्यापलीकडच्या लग्नासारखे.

"…पुण्याच्या पाठीराख्यांसाठी महत्त्वाची बातमी. पिंकी येवलेच्या उजव्या गुडघ्याला मागच्या वर्षी दुखापत झाली होती, त्यामुळं ती पडल्यावर सगळ्यांचेच श्वास रोखले गेले. पण गुडघा अगदी व्यवस्थित आहे. पोटरीत गोळा आला होता, डॉक्टरांनी तिथंच पाय चोळून दिला. आत्ता पिंकी बाकावर बसून पाणी पितेय, आणि मी इथून बघतेय, ती हसतेय."

पडद्यावर त्या वेळी दुसराच संघ दाखवत होते. पिंकी कुठंच दिसत नव्हती. त्या बाईच्या शब्दांवाचून यातलं काहीच कळलं नसतं.

सविता होती तिथंच खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. चैताली तिच्याजवळ बसली, पण तिचंही तेच झालं.

"गोळा आलता," बाजीराव म्हणाला. "पोटरीत गोळा." त्यानं ते दोनदा म्हटलं. मग खुर्ची जवळच होती तरी तो संदेशशेजारी सतरंजीवर बसला. "पानी कमी पिती ती. ल्हानपनापास्नं. किती सांगितलं."

"मीपण सांगतो रोज," संदेश म्हणाला.

"ऐकती का?"

"नाही ऐकत."

बाजीराव हसला. ते हसणं नीट बाहेर पडेना, खोकल्यासारखं झालं, आणि संदेशनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाजीरावनं तो झटकला नाही.

*

धोंडाबाई खाटेवरून उठून, भिंत धरत धरत स्पीकरच्या अगदी पुढ्यात येऊन बसल्या होत्या. दसऱ्यापासून त्या या टीव्हीपुढं रोज बसायच्या, कारण बाजीरावनं हौसेनं आणला होता. समोर उजेडाचा एक हलता डाग आणि त्यातून येणारा गोंधळ, एवढाच त्यांच्या वाट्याचा टीव्ही होता. कळत नाही हे त्यांनी फोनवर फक्त पिंकीला सांगितलं होतं, घरात आजवर म्हणायची लाज वाटायची. डोळ्यांमागून आता कानही गेले असं घरच्यांनी धरलं, तर आपल्याशी बोलायचंही सोडून देतील, ही भीती त्यांनी मनातच ठेवली होती.

"ही बाई लय चांगली बोलती," त्या म्हणाल्या. "शाणी हाय. बोल बाई, बोल."

ती बोलत राहिली; दुसऱ्या डावाचं समालोचन आता तिच्याकडंच होतं. कोण पुढं आलं, कोणी कोपरा धरला, कुणाचा पाय रेषेला लागला. धोंडाबाईंना सविताला काही विचारावं लागेना. उलट त्याच आधी सांगायला लागल्या. "सविता, आपली नऊ नंबरवाली बाद झाली बग."

मग पिंकी परत मॅटवर आली आणि पाठीराखे ओरडले. पंचाच्या अंगावरचा माइक असेल, नाहीतर मॅटच्या कडेला कुठं असेल; ती मध्यरेषा ओलांडून आत गेली तशी बाईचा आवाज थांबला आणि स्पीकरमधून दुसराच आवाज आला. बारीक, धापेतला, न तुटणारा.

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी…"

धोंडाबाईंचा हात हवेतच थांबला.

"ही आपली हाय," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यो तिचाच दम हाय."

कुणाला शंका नव्हती, पण त्यांना ते स्वतःच्या तोंडानं म्हणायचं होतं. पिंकी पाचवी-सहावीत असताना खळ्यात धोंडाबाई तांदूळ पाखडायच्या आणि पोरगी भोवती पळत दम घुमवायची. आजीचं सूप रिकामं होईपर्यंत दम तोडायचा नाही, असा दोघींचा खेळ होता. तेव्हा धोंडाबाई मुद्दाम घाई करायच्या. आता त्यांनी पुढं सरकून स्पीकरवर तळहात ठेवला. काळ्या जाळीखाली नातीचा श्वास थडथडत होता.

"आली का माघारी?"

"आली, आई," बाजीराव म्हणाला. "एक गुन घेऊन आली."

"पाय?"

"धड हाय. पळतीया."

शेवटच्या मिनिटांत पलीकडच्या संघानं पुण्याच्या सगळ्या मुली बाद करून लोण चढवला आणि पुणं दोन गुणांनी हरलं. पिंकी मॅटवर बसून बुटाची नाडी सोडताना दिसली. संदेशनं कपाळावर हात मारला. चैताली म्हणाली, "थोडक्यात गेला हो."

"हारली व्हय?" धोंडाबाईंनी विचारलं. "हारू दे."

आणि सविता हसायला लागली. तिचं तिलाच कळेना कशानं, पण आवरेना. घरातली सगळीच हसायला लागली. अंतिम सामना हरलेल्या कुठल्याच घरात त्या वेळी इतकं हसू नसेल. "भाकरी टाकते," ती डोळे पुसत उठली. "चैताली, पावट्याला फोडनी तू दे. तुज्या हातची आत्याला आवडती."

"ताई, दूध बघा आधी. फ्रिज बंदच आहे."

दोघी आत गेल्या. बाहेर अंधारून आलं नव्हतं अजून. जुन्या महामार्गावरून सुटीची गर्दी पुण्याकडं परत चालली होती आणि हॉर्न वाजत होते. बाजीराव टीव्हीपुढं उकिडवा बसून स्पीकर शोकेसच्या बरोबर मध्यावर सरकवत होता.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ दे," तो संदेशकडं न बघता म्हणाला. "तुमाला दुसरा घ्या."

"ठेव की. आईलाच आणलाय."

तेवढ्यात संदेशचा फोन वाजला. पडद्यावर पिंकीचं नाव होतं. सामना झाला की ती पहिला फोन काकालाच करायची. आप्पांना करायची तिला हिंमत होत नसे. संदेशनं नाव वाचलं, एक क्षण थांबला, आणि वाजता फोन तसाच भावाच्या हातात दिला.

बाजीरावनं कानाला लावला.

"काका, हरलो," पलीकडून रडवेला आवाज आला. "फक्त दोन गुण कमी पडले. आणि तुम्ही सगळे घाबरला असाल, पण पायाला काही नाही, खरंच काही नाही. आप्पांना तुम्ही नीट सांगा. चिडलेत का ते?"

आतून फोडणीचा वास आला. धोंडाबाईंनी मान वळवली होती, त्या कान देऊन ऐकत होत्या.

"काका?"

"मी बोलतोय, पिंके."

पलीकडून अगदी लहानपणीच्या आवाजात आलं, "आप्पा?"

"चिडलो न्हाई," बाजीराव म्हणाला. "पानी पी आदी. पोटभर जेव. आन् उद्या गाडीबिडीनं येऊ नको संघाच्या, त्या पायानं किती तास अवघडून बसशील." त्यानं संदेशकडं पाहिलं. संदेशनं मान डोलावली. "न्यायला येतो तुला. आमी दोगंबी येतो."